आकडा बरोबर येईपर्यंत

९ जानेवारी

प्रिय बावीस,

तुझं पत्र मिळालं. खोलीचा नकाशा तू शिवणाच्या खडूने काढलास, तो घडीवर पुसला गेलाय, पण खिडक्या दोन आहेत एवढं कळलं. उत्तराला उशीर झाला, कारण आधी एक गोष्ट लिहायला हवी होती आणि ती लिहवत नव्हती.

चोवीस गेले. आपले ड्रायव्हरकाका.

गेल्या गुरुवारी एचआयव्ही केंद्रावर मला तेवीस नंबर मिळावा म्हणून मी नेहमीसारखा वेळ साधून गेलो. तू तिकडे कामाला गेल्यापासून बावीसवर कोण बसतं ते मी बघतच नाही. पण माझ्या मागचा चोवीस नंबर घेऊन एक अनोळखी बाई बाकावर बसली, तेव्हा मी म्हणालो, "अहो, ही काकांची जागा आहे." ती बिचारी उठलीसुद्धा. मग औषधाच्या खिडकीतल्या बाईंनी मला हाक मारून सांगितलं.

काकांनी बस डेपोत लावली, चावी काढली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. लोकांना वाटलं, डुलकी लागली. पंधरा वर्षांत त्यांनी एक गोळी चुकवली नव्हती. "हा रोग मला मारणार नाही, लिहून ठेव," म्हणायचे ना? खरं बोलले. हृदयाने मारलं.

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा सगळ्यांना थांबवलं. म्हणाल्या, "विषाणू ताब्यात आला म्हणून तुम्ही निवांत झालात. गोळ्यांनी तो दबून राहतो, पण आत धग उरतेच आणि रक्तवाहिन्यांना ती झळ लागत राहते. इतरांपेक्षा तुमच्या हृदयाला धोका जास्त, आणि वर तुम्ही सिगारेट ओढता." हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या खिशातल्या पाकिटाचा चौकोन दिसत होता.

मग तपासण्या झाल्या. रक्तदाब १५२ वर ९६. रक्तातली वाईट चरबी १६८. सिगारेटी रोज आठ. वजन दुकानात मीच दुरुस्त केलेल्या काट्यावर केलं, म्हणजे त्यात चूक नाही. सहा किलो जास्त.

डॉक्टरबाईंनी वहीत लिहून दिलं आहे. रक्तदाब १३० वर ८० च्या खाली, चरबी १०० च्या खाली, सिगारेट शून्य. चरबीची एक गोळीही दिली आहे, ती एचआयव्हीच्या गोळ्यांशी जमते की नाही हे तपासून. त्या जुन्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या, एकही वगळायची नाही.

आता जे लिहितो त्यावर रागावू नकोस. मार्चमध्ये मी तिकडे यायचं ठरलं होतं. लग्नाच्या नोंदणीची तारीखही तू विचारलीस. माझं म्हणणं, जरा थांबू. मी काकांकडे जाऊन आलो. काकू दारात बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर काकांचा जेवणाचा डबा होता, डेपोतून कोणीतरी आणून दिलेला. तो त्यांनी उघडलाही नव्हता. तुझ्या मांडीवर तसा डबा मला बघवणार नाही.

बिघडलेला काटा मी गिऱ्हाइकाला कधी देत नाही. हे तीन आकडे बरोबर आले की त्याच दिवशी गाडीत बसतो.

तुझा,
तेवीस

*

१८ जानेवारी

प्रिय तेवीस,

पत्र शिवणयंत्रावर ठेवून वाचलं. काकांच्या ओळीपर्यंत आले आणि समोरचा गाऊन भिजला. मुकादमबाई म्हणाल्या, "इस्पितळाचे गाऊन आहेत, रडायला पुढे माणसं आहेत, तू कशाला आत्तापासून?" हसू आलं आणि आणखीच रडले.

केंद्रावर पहिल्या दिवशी आपण तिघं शेजारी बसलो होतो, आठवतं? मी तोंड ओढणीत लपवलं होतं, तू भिंतीवरची पाटी पाचव्यांदा वाचत होतास. काका म्हणाले, "पोरांनो, इथे सगळे एकाच गाडीचे प्रवासी. तिकीट काढलंय, आता खिडकीबाहेर बघा." त्यांच्यामुळे तू माझ्याकडे बघितलंस. नाहीतर अजून पाटीच वाचत असतास.

आता तुझं ते डब्याचं. अरे शहाण्या, माझ्या मांडीवर डबा येईल तेव्हा तू बघायला असशील कुठे?

सिगारेट सोड. त्याबद्दल माझी ना नाही, मला तो वास कधीच आवडला नाही, फक्त तू आवडायचास म्हणून बोलले नाही. चालायला लाग, मीठ-तेल कमी कर, वेळेवर झोप. मीही करते, मीही त्याच गोळ्यांवर आहे ना. पण तीन आकडे आणि मग गाडी, हे मला नीट कळलं नाही. इथे येऊन चालता येत नाही का? रस्ते इथेही आहेत.

तरी तुझ्या मनाला शांती मिळत असेल तर तीन महिने घे. एप्रिलपर्यंत. खोली मी मार्चपासून घेतेच आहे, वसतिगृहात चौघींत राहून आता जीव विटला. फोनवर यातलं काही बोलू नकोस. इथे भिंतींना सोड, उशांनाही कान आहेत. पाकीट मात्र कोणी फोडत नाही. पत्र आलं की पोरी मला चिडवतात, "आजोबांचं आलं वाटतं?"

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढलास की तुझा व्यायाम आपोआप होईल. सकाळी एका खिडकीतून ऊन येतं ते ओट्यापर्यंत पोचतं. तिथे उभं राहून मी मनातल्या मनात तुला चहा दिला. साखर कमी.

बावीस

*

२४ फेब्रुवारी

प्रिय बावीस,

सिगारेटी आठावरून एकावर आल्या. ती एक दुपारी जेवणानंतरची, तिचा मोह जात नाही. बाकी वेळी तोंडात बडीशेप. उस्ताद म्हणतो, "दुकान आहे की लग्नाची पंगत?"

सकाळी बाजारपेठेला पाच फेऱ्या मारतो, पस्तीस मिनिटं. पहिल्या आठवड्यात भाजीवाल्या हसायच्या. "काटेवाले, काय हरवलं?" आता एखादी म्हणते, "आज दोन मिनिटं उशीर." तळलेलं बंद. बेकरीच्या बाजूच्या गल्लीतून जात नाही. दहा वाजता दिवा बंद करतो, झोप मात्र तिच्या मर्जीने येते.

मिठाचं सांगतो. दिवसाला पाच ग्रॅमच्या वर नको, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, म्हणजे सपाट एक चमचा. पण चमचा हे काय माप झालं? कोणाचा चमचा? म्हणून रविवारी मी सोनाराच्या काट्यावर बरोबर पाच-पाच ग्रॅमच्या सात पुड्या बांधतो, वर वार लिहितो. गेल्या रविवारी उस्तादने बघितलं.

"हे काय?"

"मीठ."

"सोनाराच्या काट्यावर मीठ? अरे, उद्या कोणी या पुड्या बघितल्या तर आपण दोघंही आत जाऊ. आणि आत जेवणात मीठ कोण मोजून घालतं?"

उस्तादला माझ्या आजाराचं माहीत आहे. सात वर्षांपूर्वी मीच सांगितलं होतं, काढून टाकेल या तयारीने. तो एवढंच म्हणाला होता, "काट्याला हात लावताना बोटं पुसतोस ना? मग झालं."

तुझी आठवण कामात येत नाही, काम संपल्यावर येते. एक काटा काल दिवसभर हट्ट करत होता. रिकाम्या पारड्यालाही सुई शून्यावर थांबेना, दोन रेघा पुढे जाऊन उभी राहायची, कोणीतरी अदृश्य बसल्यासारखी. संध्याकाळी हात धुताना मी मोठ्याने म्हणालो, "ऊठ आता." उस्तादने चमकून बघितलं. मी त्याला काय सांगणार?

एप्रिलमध्ये फेरतपासणी. आकडे बरोबर येतील असं वाटतं. तोवर खोलीत पडदे लावू नकोस, ते आपण मिळून बघू.

तुझा,
तेवीस

*

५ मार्च

प्रिय तेवीस,

थोडक्यात लिहिते, कागद मांडीवर आहे. खोली मिळाली. सामान अजून तसंच बांधलेलं आहे. काम फार आहे, इथले दिवे फार पांढरे आहेत, डोळे दुखतात. बाकी सगळं ठीक.

तुझ्या पुड्यांचं वाचून हसले. शेजारची बाई म्हणाली, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, आमचे एक जण मीठ मोजतात.

सिगारेट ती एकसुद्धा सोड ना. माझ्यासाठी.

बावीस

*

२२ एप्रिल

प्रिय बावीस,

आधी आकडे. रक्तदाब १३२ वर ८४. चरबी १०८. सिगारेटी बारा दिवस शून्य, तेराव्या दिवशी, म्हणजे अहवाल हातात आल्यावर, एक. वजन चार किलो उतरलं.

डॉक्टरबाई खूश झाल्या. "छान, असंच चालू ठेव," म्हणाल्या. मी विचारलं, "पण शंभरच्या खाली नाही आलं." म्हणाल्या, "येईल की." मी विचारलं, "कधी?" तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या नंबराला हाक मारली.

आठ राहिले, बावीस. आठच. अजून तीन महिने दे. जुलैमध्ये पुन्हा तपासणी आहे. एवढ्या जवळ येऊन अर्धवट काम घेऊन तुझ्या दारात उभं राहणं मला बरं वाटत नाही.

आणखी एक. तुझं मार्चचं पत्र मी बऱ्याचदा वाचलं. बारा ओळींचंसुद्धा नाही. तू पूर्वी पाकिटाच्या आतल्या बाजूलाही लिहायचीस. तू चिडली असशील तर चीड. कंटाळली असशील तर तेही लिही. ती शेजारची बाई कोण? यंत्रावरची असेल तर तिलाच खोलीत सोबतीला घे, एकटीने किती दिवस राहशील? आणि दुसरं कोणी सोबतीला मिळालं असेल, तर मी समजून घेईन. हे वाक्य मी तीनदा खोडलं होतं, शेवटी ठेवलं.

तुझा,
तेवीस

*

२० मे

प्रिय बावीस,

पत्र पोचलं का? फोन तीनदा केला. तू "नंतर बोलते" म्हणालीस, तो नंतर काही आला नाही. गेल्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोडलेलंच आहे असं समज.

गुरुवारी केंद्रावर गेलो होतो. तेवीस नंबर सोडून दिला, बराच पुढचा घेतला. तुझ्या जागेशेजारी आता बसवत नाही.

तेवीस

*

२८ मे

प्रिय तेवीस,

तुझं एप्रिलचं पत्र वाचून महिनाभर रागात होते. मला दुसरं कोणी मिळालं असेल! नमनाला घडाभर तेल घालतोस आणि शेवटी हे. आणि म्हणे तेल बंद केलंय.

ऐक आता. सांगायला उशीर झाला, ती चूक माझी.

३ मार्चला सकाळी यंत्रावर बसले होते. छातीवर कोणीतरी तापलेली इस्त्री ठेवावी तसं झालं. डावा हात जड. मुकादमबाईंनी मला रिक्षात घातलं. इस्पितळात मला आपल्याच कारखान्याचा गाऊन घातला, शिवण बघितली तर माझीच. अंगाला वायरी लावल्या. मी माझा आजार सांगितला, गोळ्या सांगितल्या. झटका नव्हता. रक्तदाब मात्र १७८ वर ११० होता. दोन रात्री ठेवलं. ते पांढरे दिवे, मांडीवरचा कागद, शेजारची बाई, ते सगळं तिथलं. शेजारच्या खाटेवर होती ती.

तुला चाल म्हणत होते आणि मी दहा दहा तास बसून होते. जास्तीची पाळी करायची, कँटीनचं तळलेलं खायचं, पाच तास झोपायचं. कशासाठी? तू येशील तेव्हा खोली नीट लागलेली असावी म्हणून. तू तिकडे आकडे लावत होतास, मी इकडे खोली लावत होते. दोघंही एकसारखेच उंटावरचे शहाणे.

नर्सने विचारलं, "घरचं कोण आहे?" मी म्हटलं, "यायचे आहेत." "कधी?" "आकडा बरोबर आला की." तिला वाटलं लॉटरीचं काहीतरी असेल.

तुला का नाही कळवलं? कळवलं असतं तर तू वही उघडून माझेही आकडे मांडले असतेस. मग आधी तुझे बरोबर यायचे, मग माझे, तोवर तुझे पुन्हा बिघडायचे. जन्मभर आपण एकमेकांना अहवाल पाठवत बसलो असतो.

तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं, किती दिवस करायचं हे चालणं, मोजून खाणं? पोरगेलासा होता. म्हणाला, "दात किती दिवस घासता?" मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. म्हणजे हे संपून मग जगायचं असं काही नाही. हे करत करतच जगायचं.

आता मी रोज संध्याकाळी चालते. तळ्यापर्यंत जाऊन परत, चाळीस मिनिटं. जास्तीची पाळी सोडली. रक्तदाबाची गोळी सुरू आहे. चालताना डावी बाजू मोकळी ठेवते, का कोण जाणे. परवा मागून येणारा माणूस त्या जागेतून पुढे गेला तर मला त्याचा रागच आला.

त्या पहिल्या रात्री वाटलं, आत्ता काही झालं तर ह्याला कोण सांगेल? मुकादमबाईंना तुझा पत्ता ठाऊक नाही. पोस्टमन तुझं पाकीट आणून दारात टाकत राहील. मरणाची भीती नाही वाटली इतकी त्या पाकिटांची वाटली.

मला आठ कमी झालेले नकोत. तुला यायचं तर ये, नाही जमत तर तसं सरळ लिही, मी सोसेन. पण यापुढे आकडे पाठवू नकोस. मी ते वाचणार नाही.

खोलीची दुसरी किल्ली खालच्या चष्मेवाल्याकडे ठेवली आहे.

बावीस

*

३ जून

प्रिय बावीस,

तुझं पत्र काल दुपारी दुकानात वाचलं. वाचून झाल्यावर मी खाली बसलो. हातातलं एक किलोचं वजन पडलं, ते आता पुन्हा तपासावं लागेल. उस्तादने न विचारता पत्र माझ्या हातातून घेतलं आणि वाचलं. त्याला वाचायला फार वेळ लागतो. तोवर मी तुझ्या त्या दोन रात्री मोजत होतो. ३ मार्चला मी काय करत होतो ते वहीत बघितलं. पस्तीस मिनिटं चाललो होतो. एक सिगारेट. मंगळवारची पुडी पूर्ण संपली नव्हती म्हणून स्वतःवर खूश होतो.

उस्तादने पत्राची घडी घातली आणि म्हणाला, "नऊ वर्षं काटे तपासतोस. एक तरी काटा बिलकूल फरक नसलेला पास केलास?"

मी म्हटलं, "नाही. दहा किलोला चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे चालतात."

"का चालतात?"

"तेवढा फरक माफ असतो."

"कोणी माफ केला?"

"नियमात आहे."

"तो नसता तर बाजार उघडला असता का एक दिवस तरी? कोणी वांगं विकलं असतं का?" मग विडीचा झुरका घेऊन म्हणाला, "जगाचे काटे माफीत पास करतोस आणि स्वतःला मात्र आठावर नापास? ऊठ. जा तिकडे. तिथेही लोक मापात पाप करतात, काम मिळेल तुला."

मी म्हटलं, "आणि सिगारेट?"

"ती माफीत बसत नाही," म्हणाला आणि त्याने स्वतःची विडी विझवली. पाच मिनिटांनी दुसरी पेटवली, पण बाहेर जाऊन.

एप्रिलनंतर मी ओढलेली नाही. हा आकडा नाही, बातमी आहे.

बावीस, मला वाटत होतं की मी तुझ्यासाठी थांबलोय. खरं लिहितो. काकूंच्या दारातून परत आल्यापासून मला भीती वाटत होती आणि मी तिला वहीत कोंडून ठेवलं होतं. आकडे मांडले की वही मिटता यायची. इकडे मी वही मिटत होतो, तिकडे तू एकटी त्या गाऊनमध्ये. याची माफी कुठल्या तक्त्यात आहे ते मला माहीत नाही. ती तुझ्याकडेच मागायची आहे, आणि ती पत्राने मागणार नाही.

आज केंद्रावर जाऊन आलो. औषधं तुझ्या शहरातल्या केंद्रावर बदलून घेता येतात, त्याचा अर्ज असतो. दोन महिन्यांच्या गोळ्या बरोबर देतात, म्हणजे मध्ये एकही दिवस खंड पडत नाही. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढे केला. सगळे रकाने मी लगेच भरले. 'बदलीचे कारण' या रकान्याशी थांबलो. खाली छापलेलं होतं: नोकरी, शिक्षण, इतर. मी इतका वेळ उभा राहिलो की मागचा माणूस म्हणाला, "भाऊ, काहीही लिहा, कोण वाचतंय?"

मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, घर तिकडे आहे.

बाईंनी वाचलं. म्हणाल्या, "बावीस नंबर ना?" मी मान हलवली. त्यांनी शिक्का मारला, नीट, चारही कोपरे उमटतील असा.

परवा सकाळच्या गाडीने निघतो. संध्याकाळी पोचेन. तू तळ्याकडे गेलेली असशील तर मी किल्ली घेऊन वर जाणार नाही, तळ्याच्या रस्त्याने येईन. डाव्या बाजूने येईन.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. लिहिलंस तर ते इथे येईल आणि मी इथे नसेन.

तेवीस